पाळणाघरातला ढेकूण आणि वीसपट भिंग

मी एक जुनं भिंग आहे, मित्रांनो. वय झालं, पण नजर अजून शाबूत आहे. माझी काच शर्टाच्या बटणाएवढी, आणि ती पितळी खोळीत दुमडून बसते. खोळ उघडून माझ्यातून पाहिलं की जग वीसपट मोठं दिसतं. राईचा पर्वत करू नये, असं मोठी माणसं तुम्हाला सांगतात. माझा तर तो धंदाच आहे. कान मात्र जरा कच्चे आहेत. कुणी 'अखेर त्याचं बिंग फुटलं' म्हणालं, की ब आणि भ यांतला फरक कळेपर्यंत माझ्या काचेला घाम फुटतो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे एक म्हातारा कारागीर दिवसभर काचा घाशी. आधी खरखरीत पूड, मग बारीक पूड, मग त्याहून बारीक, आणि शेवटी नुसतं ओलं फडकं. घासून घासून माझं पोट पुढे आलं. तुम्हाला हसू येईल, पण भिंगाचं पोट पुढे येणं ही कौतुकाची गोष्ट असते. कारागिराने मला हात लांब करून खिडकीपुढे धरलं. माझ्यातून समोरचं झाड उलटं दिसलं, शेंडा खाली आणि बुंधा वर. मी बिचकलो. मला वाटलं, आपण बिघडलेले निपजलो. पण त्याने मला डोळ्याशी नेलं, स्वतःच्या नखाजवळ वाकला आणि हसून म्हणाला, "झकास! लांबून उलटं, जवळून सुलट. असंच पाहिजे."

ते वाक्य माझ्या अंगात काचेइतकंच मुरलं आहे.

मला विकत घेतलं ते विद्यापीठात कीटकशास्त्र शिकणाऱ्या एका तरुणाने. त्याने बुटाची नाडी ओवून मला गळ्यात अडकवलं, आणि माझे दिवस पानांच्या पाठीमागे जाऊ लागले. कारण किडे बहुधा पानाच्या पाठीवर राहतात, आणि माणसं बहुधा पानाचं तोंड पाहतात. मी मावा पाहिला, हिरवा, काचेसारखा, पोटात पिल्लू घेऊन फिरणारा. मी मुंग्यांच्या मिश्या पाहिल्या. एकदा धान्याच्या कोठारात तांबूस किडे सापडले, तेव्हा सगळे म्हणाले, सोंडे आहेत. माझ्या तरुणाने एक किडा माझ्याखाली धरला. त्याच्या खांद्याच्या कडेला करवतीसारखे दात होते, आणि सोंड कुठेच नव्हती. "सोंड नाही तर सोंडा कसला?" तो म्हणाला. त्या दिवशी कोठारवाल्याने त्याची पाठ थोपटली. पाठीबरोबर गळ्यात लोंबणारा मीही हललो. ती शाबासकी अर्धी माझीच होती असं मी धरून चालतो.

तो तरुण पुढे तिथेच शिकवायला लागला. मुलं त्याला सर म्हणू लागली. त्याचा पहिला तास मला तोंडपाठ आहे. तो फळ्यावर दोनच शब्द लिहायचा: किडा आणि कीड.

"यांत फरक काय?" तो विचारायचा.

"पहिला ऱ्हस्व, दुसरी दीर्घ," कोणीतरी हमखास म्हणायचं आणि वर्ग हसायचा.

"बरोबर. किडा निसर्गाने केला. कीड आपण केली. जो किडा आपल्या ताटात तोंड घालतो त्याला आपण कीड म्हणतो. तेव्हा औषधाच्या बाटलीला हात लावण्याआधी किड्याचं नाव विचारा. ओळख आधी, औषध शेवटी. ज्याला नाव माहीत नाही त्याने फवारणी करायची म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या."

मित्रांनो, कौतुकाचे दिवस मोजून मिळतात. विभागात मोठे सूक्ष्मदर्शक आले. त्यांना दोन दोन डोळे, स्वतःचा दिवा, वर झाकायला कापड. सरांची मान त्यांच्यापुढे वाकू लागली. मी आधी गळ्यातून टेबलावर आलो आणि टेबलावरून खणात गेलो. तिथे गंजलेल्या टाचण्या होत्या, सुकलेला डिंक होता आणि डांबराच्या गोळ्यांचा वास होता. माझ्या काचेच्या कडेला बुरशीचं एक जाळं धरलं. ज्याने जगभरची बुरशी वीसपट करून दाखवली, त्याच्याच डोळ्यात बुरशी! कुणी पुसायलासुद्धा आलं नाही.

मग एक दिवस खण करकरला.

"भांडारातली भिंगं संपली सर," एक बाईचा आवाज म्हणाला. "मी प्रवेशच उशिरा घेतला. बाळ लहान होतं."

"हे चालेल?" सरांनी मला बाहेर काढलं. "जुनं आहे. पण माझं आहे."

तिने मला हातात घेतलं, तोंडाची वाफ दिली आणि मऊ सुती कापडाने गोल गोल पुसलं. बुरशीचं जाळं निघून गेलं, कडेला एक पुसट डाग तेवढा राहिला. इतक्या हळुवारपणे कोणी डोळे पुसावेत असं मला फार दिवसांपासून वाटत होतं आणि ते झालं. बाळाचे डोळे पुसायची सवय असलेला हात होता तो.

वर्गातली मुलं तिच्यापेक्षा लहान. ती तिला ताई म्हणायची. मीही ताईच म्हणतो. लेकीला ती चिमणी म्हणायची. चिमणी सव्वा वर्षाची. विद्यापीठाच्या आवारातच पाळणाघर होतं. सकाळी ताई तिला तिथल्या मावशींच्या कडेवर द्यायची, दारापर्यंत जायची, परत यायची, खिडकीतून बघायची, पुन्हा निघायची.

"जा हो ताई," मावशी म्हणायच्या. "तुम्ही खिडकीत उभ्या राहिलात की ती रडते, तुम्ही गेलात की खेळते. तुमच्यासाठी रडते म्हणून तुम्हाला बरं वाटतं, पण माझी पंचाईत होते."

ताई हसायची आणि जायची. पण काळजी तिच्या स्वभावातच होती. चिमणीच्या गालावर पुरळ उठलं की मला काढायची, पुरळ वीसपट करून बघायची आणि वीसपट घाबरायची. शेवटी चिमणीचे बाबा म्हणाले, "अगं, ते भिंग माणसांसाठी नाही. आणि ते फ्रीझरमधले डबे? काल मी मटार समजून एक उघडला. आत भुंगे!"

"लेबल होतं त्याच्यावर," ताई म्हणाली. "मटारावर कधी लेबल असतं का?"

लेबलाच्या बाबतीत ती फार काटेकोर. किडा कुठे सापडला, कधी, कशावर बसला होता, हे सगळं ती इवल्याशा अक्षरांत लिहायची. भुंग्याला टाचणी नेहमी उजव्या पंखातून, म्हणजे ओळख पटवायला डावी बाजू धडधाकट राहते. मग ओळखकिल्ली. किल्ली म्हणजे पायरीपायरीने विचारलेले प्रश्न. प्रत्येक पायरीवर दोन वाटा. पंख आहेत का नाहीत? तोंड चावायचं का शोषायचं? एकेक वाट निवडत गेलं की शेवटच्या दारावर किड्याचं नाव. ताईचं बोट किल्लीवरून चालायचं आणि माझ्यामागे तिचा डोळा न लवता थांबायचा. डोळ्यांत तेल घालून पाहणं म्हणजे काय, ते मी तिच्याकडून शिकलो. पुसट डाग असूनसुद्धा वर्गातली नवी भिंगं माझ्यापुढे फिकी पडायची, हे आपलं माझं मत.

आणि मग तो ढेकूण आला.

पाळणाघरातल्या मुलांच्या हातापायांवर लाल गांधी उठू लागल्या. चिमणीच्याही दंडावर तीन, ओळीने. एका दुपारी मावशींनी भिंतीवरून एक चपटा तपकिरी किडा पकडला, औषधाच्या रिकाम्या बाटलीत घातला आणि ताई आल्याबरोबर तिच्या हातात ठेवला.

"बघा बरं ताई, हे काय आहे. तुमचाच अभ्यास हा."

चिमणी कडेवर रडत होती, अंगावर गांधी होत्या, खोलीत उजेड कमी होता. ताईने मला घाईने उघडलं. तेव्हा माझ्यामागचा डोळा विद्यार्थिनीचा नव्हता, आईचा होता. चपटं अंग, पंख नाहीत, तोंडाला सुई. बास.

"ढेकूण," ताई म्हणाली. "नक्की ढेकूण."

विद्यापीठात शिकणारीने सांगितलं, गळ्यात भिंग असलेलीने सांगितलं. मग शंका कोण घेणार? पाळणाघराच्या व्यवस्थापकबाई मावशींकडे वळल्या.

"मावशी, तुम्ही त्या बायकांच्या खोलीवर राहता ना? सहाजणी एका खोलीत?"

"हो. मग?"

"मग झालं तर."

"काय झालं?"

"हे बघा, राग मानू नका. गाद्या, गोधड्या, पिशव्या... एकीकडून दुसरीकडे येतातच. इथे लहान मुलं आहेत. शनिवारी फवारणी करून घेते. तुम्ही उद्यापासून येऊ नका. नंतर बघू."

'नंतर बघू' या शब्दांचा अर्थ मावशींना बरोबर कळला. त्यांनी चिमणीचा पाय हातात घेतला होता, तो हळूच सोडला. "किडा मीच पकडला, बाई," एवढंच त्या म्हणाल्या. "घेऊन आले असते तर दाखवला असता का?"

ताईने मला मिटलं आणि मुठीत घट्ट धरलं. माझं पितळ तापलं.

दुसऱ्या दिवशी तिने बाटली सरांपुढे ठेवली. लेबल लावायला ती विसरली नव्हती.

"ढेकूण आहे सर. पाळणाघरातला."

"कुठला ढेकूण?"

"पाळणाघरातला."

"पत्ता नाही विचारला. आडनाव विचारलं."

"ढेकूण म्हणजे... ढेकूणच ना सर?"

सरांनी बाटली हातात घेतली नाही. "किल्लीची शेवटची पायरी केलीस?"

ताईने मान खाली घालून बाटलीवरचं लेबल पुन्हा वाचलं.

"कुलपात किल्ली अर्धी फिरवली तर दार उघडतं का गं? भिंग आहे ना गळ्यात? मग मला कशाला दाखवतेस?"

ताई मला घेऊन खिडकीशी बसली. चांगलं ऊन होतं. तिने ढेकूण पांढऱ्या कागदावर ठेवला, श्वास रोखला आणि मला इतकं जवळ नेलं की तिची पापणी माझ्या पितळाला लागली. मित्रांनो, त्या वेळी मी माझी सगळी काच पणाला लावली. ढेकणाच्या मानेमागे एक ढालीसारखा भाग असतो. त्याच्या कडेला केसांची झालर असते. किल्ली शेवटच्या पायरीवर विचारत होती, झालरीतले केस डोळ्याच्या रुंदीहून आखूड की लांब?

आखूड असतील तर तो माणसांच्या अंथरुणातला ढेकूण.

मी दाखवलं. केस लांब होते. डोळ्याहून स्पष्ट लांब, ब्रशाच्या कडेसारखे बाहेर आलेले.

ताईने दुसऱ्या बाजूने पाहिलं. कागद फिरवून पाहिलं. मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली नेऊनही पाहिलं. त्याने माझ्याच साक्षीला दुजोरा दिला, हे सांगताना मला आजही थोडं फुगल्यासारखं होतं. मुळात फुगीर असूनही!

"वटवाघळांचा ढेकूण," ताई स्वतःशीच म्हणाली. "वटवाघळांच्या अंगावर जगणारा. हा गादीतून आलाच नाही. हा वरून आला."

ती धावत पाळणाघरात गेली. आता तिच्यातली आई आणि विद्यार्थिनी एकत्र कामाला लागल्या. कोणत्या मुलाला किती चावे, कोण कुठे झोपतं, हे तिला आधीपासून पाठ होतं. रोज खिडकीतून बघणाऱ्या आईला ते पाठ असणारच. चावे होते ते फक्त आतल्या भिंतीकडच्या खाटांवरच्या मुलांना. खिडकीकडची मुलं स्वच्छ. तिने गाद्यांच्या शिवणी उलगडून मला शिवणीवरून सरकवत नेलं. ढेकणांचं घर असलेल्या गादीत काळे ठिपके असतात, अंडी असतात, कातीही असतात. इथे नुसता दोरा होता आणि बिस्किटाचा चुरा. मग तिने मान वर केली. आतल्या भिंतीवर, छताच्या फळ्यांना लागून, एक लांब चीर होती.

व्यवस्थापकबाई दारात उभ्या. त्यांच्यामागे फवारणीवाला, पाठीवर टाकी, हातात नळी. शनिवारी दुसरं काम निघालं म्हणून तो एक दिवस आधीच आला होता.

"थांबा," ताई म्हणाली. "नका मारू."

"अहो, तुम्हीच तर म्हणालात ढेकूण!"

"ढेकूणच आहे. पण माणसांचा नाही. वटवाघळांचा आहे."

"आता ढेकणांतही आपले आणि परके?" बाई चिडल्या. "रक्त पितो ना? मग मारायचा."

"खाली कितीही मारलात तरी वरून येतच राहणार. नळ चालू ठेवून फरशी पुसायची का? आणि ज्या गाद्या चघळत आमची मुलं झोपतात त्यांवर विष उगाच कशाला?"

फवारणीवाल्याने नळी खाली टेकवली. "तुमचं ठरलं की हाक मारा. मी तोवर बाहेर बसतो. टाकी जड आहे."

बाई अजून तयार नव्हत्या. "मला माझ्या डोळ्यांनी दाखवा," त्या म्हणाल्या.

ताईला तेच हवं होतं. तिने मला बाईंच्या हातात दिलं. बाईंनी मला हात लांब करून धरलं आणि ओरडल्या, "सगळं उलटंच दिसतंय!"

"लांबून उलटंच दिसणार," ताई म्हणाली. "जवळ या. अजून. डोळ्याला लावा. आता ढेकणावर वाका."

बाई वाकल्या. मी त्यांना झालर दाखवली, डोळा दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग ताईने पुस्तकातलं चित्र शेजारी धरलं, आखूड केसांचं. बाईंनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, पण हळू.

दुसऱ्या दिवशी सर हातमोजे आणि शिडी घेऊन आले. छताची एक फळी बाहेरच्या बाजूने सरकवून त्यांनी आत दिवा दाखवला, आणि ताईला वर बोलावलं. मी तिच्या गळ्यात होतो, म्हणून मीही पाहिलं. काळसर मखमलीच्या घड्या एकमेकींना चिकटून उलट्या लोंबत होत्या. प्रत्येकीच्या पोटाशी एक बिनकेसांचं गुलाबी पिल्लू बिलगलं होतं.

"सगळ्या आया आहेत," सर कुजबुजले. "पिल्लं वाढवायला वटवाघळांच्या माद्या अशाच एकत्र राहतात, उबेला. पिल्लं वाढली तसे ढेकूणही वाढले, आणि दाटी झाली तसे काही खाली उतरले."

"म्हणजे पाळणाघरावर पाळणाघर," ताई म्हणाली. तिचा आवाज जरा बदलला होता.

"आता कीटकशास्त्राची खरी परीक्षा. सांग, काय करायचं?"

ताई शिडीवरच विचार करत राहिली. "आज भोकं बुजवली तर पिल्लं आत मरतील, आणि उपाशी ढेकूण सगळेच्या सगळे खाली येतील. मुलांना काही दिवस पलीकडच्या खोलीत हलवू. आतली चीर मात्र आजच बंद करू. पिल्लं उडायला लागली की बाहेर जाळी लावू, बाहेर जाता येईल पण आत येता येणार नाही अशी. सगळी गेली की छत साफ. मग फटींपुरतं औषध. तेही शेवटी."

"ओळख आधी..." सर म्हणाले.

"...औषध शेवटी," ताई म्हणाली.

सरांनी तिच्या गळ्यातल्या माझ्याकडे पाहिलं आणि बोटाने माझ्या खोळीवर टिचकी मारली. मित्रांनो, खणातली सगळी वर्षं त्या एका टिचकीत फिटली.

पण गोष्ट संपली नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, आणि फास अजून गळ्यातच होता. त्याच संध्याकाळी ताई चिमणीला कडेवर घेऊन मावशींच्या खोलीवर गेली. अरुंद जिना, भिंतीला लागून सहा खाटा, मधे कपड्यांची दोरी. मावशींची खाट एकटी दाराशी ओढून ठेवलेली. बाकीच्या पाचजणींनी आपल्या खाटा पलीकडे सरकवल्या होत्या.

"मावशी, चूक माझी झाली," ताई म्हणाली. "तो ढेकूण तुमच्याकडचा नव्हता. आम्हाला कळलंय. बाईंनी तुम्हाला परत बोलावलंय."

मावशी उठल्या नाहीत. त्यांनी चिमणीचा पाय हातात घेतला. "तुम्हाला कळलंय ते बरं झालं. आता माझी गादी बघा."

"नको हो मावशी. कशाला?"

"बघा म्हणते ना. ते तुमचं काचेचं काढा. तिथे सगळ्यांसमोर बघून बोललात, इथे सगळ्यांसमोर बघून बोला."

पलीकडच्या बायका भांडी घासायच्या थांबल्या. ताईने चिमणीला मावशींच्या मांडीवर दिलं, गुडघे टेकले आणि मला उघडलं. तिने एकही कोपरा सोडला नाही. शिवणी, उशीची कड, खाटेचे सांधे, खिळ्यांची भोकं. मी इंच इंच बघत गेलो. झिजलेला दोरा पाहिला, ठिगळावरचे बारीक सरळ टाके पाहिले, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड पाहिलं. काळा ठिपका एकही नाही, आणि अंडंही नाही. पुष्कळ घाण मी मोठी करून दाखवली आहे आयुष्यात. स्वच्छता वीसपट करून दाखवायची संधी मला त्या संध्याकाळी पहिल्यांदाच मिळाली.

"काही नाही," ताई म्हणाली.

"मोठ्याने," मावशी म्हणाल्या.

ताई उभी राहिली. "या गादीत ढेकूण नाहीत. नव्हतेच. मी न बघता बोलले होते."

पलीकडून एक बाई पुढे आली. "आमच्याही बघता का हो, त्या काचेने?" असं म्हणत तिने मावशींच्या खाटेचा एक पाय धरला, दुसरीने दुसरा धरला, आणि खाट होती तिथे परत सरकली. मावशींनी मान फिरवून डोळे पुसले आणि लगेच म्हणाल्या, "उद्या येते. पण वरची ती वटवाघळांची पोरंही माझ्याच गळ्यात घालणार असाल तर आधी सांगा. उलटी टांगलेली मुलं मी कधी झोपवलेली नाहीत!"

वरची पिल्लं उडाली. बाहेरच्या फटींवर जाळी लागली, मग छत साफ झालं. गांधी थांबल्या. मुलांचा घोळका आणि मधे मावशी, असं ते पाळणाघर मी पुन्हा पाहिलं. ताई अजूनही दारापर्यंत जाते आणि परत येते. पण आता खिडकीत थांबत नाही. फार थोडा वेळ थांबते, असं म्हणू.

परीक्षेनंतर ती मला परत द्यायला गेली, तेव्हा सर म्हणाले, "राहू दे. खणात त्याला बुरशी येते."

म्हणून मी आज इथे आहे, ताईच्या गळ्यात. सुट्टीच्या दिवशी चिमणी मला ओढून घेते. तिने मला पहिल्यांदा हात लांब करून आईकडे धरलं, तेव्हा तिला आई उलटी दिसली, डोकं खाली आणि पाय वर. चिमणी घाबरली, ओठ बाहेर आले. ताई फक्त सरकत सरकत जवळ आली. चित्र आधी विरघळलं, धूसर झालं, आणि मग मावशींनी शिवून दिलेल्या ताईच्या बाहीवरचा एकेक टाका सुलट, मोठा आणि स्पष्ट दिसू लागला. चिमणीने त्या टाक्याला बोट लावलं आणि ती खुदकन हसली.

मित्रांनो, घरात एखादं जुनं भिंग असेल तर त्याला खणात कोंडू नका. मऊ सुती कापडाने पुसा, ओल्या जागी ठेवू नका. त्यातून ऊन गोळा करून मुंग्या तर मुळीच जाळू नका, कारण आमचा जन्म बघण्यासाठी आहे, जाळण्यासाठी नाही. आणि कुणाला, किड्याला असो की माणसाला, नाव ठेवायची घाई झालीच, तर आधी माझं ऐका. थोडं पुढे या. अजून थोडं. पापणी लागेपर्यंत.

आता सांगा, काय दिसतंय?